शिट्टी तिसऱ्यांदा परत आली: हेडसेटमधला आल्टरनेटरचा आवाज आणि ग्राउंडचं दुखणं

"सर, ती शिट्टी परत आलीय."

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकलं. विमान ट्रेनिंगचं सेसना १७२, २८ व्होल्टची सिस्टिम, चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन. तक्रार आणणारी मुलगी नुकतीच सोलो झालेली (एकटीने विमान उडवलेली), पण तिने टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारवहीत, लिहिलं होतं एखाद्या मुरलेल्या एएमईसारखं (विमान देखभाल इंजिनिअरसारखं): थ्रॉटल पुढे केला की सूर चढतो, मागे घेतला की उतरतो. लँडिंग लाइट लावला की आवाज मोठा होतो. आणि इन्स्ट्रक्टर म्हणतात की उजव्या सीटवर जास्त ऐकू येतो.

एवढ्यात निम्मं निदान झालं होतं. आधीच्या दोन्ही वेळा लॉगमध्ये फक्त "रेडिओत आवाज" असं आलं होतं आणि आम्हीही जास्त खोदून विचारलं नव्हतं. पहिल्या वेळी रेडिओ काढून शॉपला पाठवला. तिथे बेंचवर तो ठणठणीत चालला, "दोष आढळला नाही" असा टॅग लावून परत आला. दुसऱ्या वेळी आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) बदलला. शिट्टी गेली, आम्ही चहा मागवला. दीड महिन्याने ती परत. मग आल्टरनेटरच्या आउटपुटवरचा फिल्टर कपॅसिटर बदलला. आवाज थोडा कमी झाला, की आम्हालाच तसं वाटलं, देव जाणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

ज्यांच्या विमानात अशी शिट्टी जाते आणि पुन्हा येते, त्यांच्यासाठी आम्ही ती शेवटी कशी पकडली ते लिहितोय. एक आधीच सांगतो: आवाज तयार कुठे होतो हे शोधण्यात आम्ही दोन महिने घालवले. करंट परत कुठून जातोय हे शोधायला एक दुपार पुरली.

आधी कान वापरा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी आवाज ओळखायचा. आल्टरनेटरच्या आत तीन फेज आणि सहा डायोड असतात. नेहमीचा बारा ध्रुवांचा आल्टरनेटर एका फेरीत ३६ लहरी देतो. इंजिन १००० आरपीएमवर असेल आणि पुलीमुळे आल्टरनेटर साधारण तिप्पट फिरतोय असं धरलं, तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १८०० हर्ट्झ. क्रूझला २३०० आरपीएमवर हाच सूर ४००० हर्ट्झच्या वर जातो. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात तिखट असतो, म्हणून काही मिलिव्होल्टचा रिपलसुद्धा (डीसीवर उरलेली लहर) डोकं उठवतो. शिट्टीच्या जोडीला खालच्या सुरातली घरघर असेल आणि चार्जिंगही कमी दिसत असेल, तर एखादा डायोड गेलाय. तेव्हा मात्र आल्टरनेटरच उतरवायला हवा.

मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) आवाज वेगळा. तो टकटक असा येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक मॅग्नेटो एका फेऱ्यात दोन ठिणग्या टाकतो, म्हणजे १००० आरपीएमला सेकंदाला तेहेतीसच्या आसपास. किल्ली बोथवरून लेफ्ट किंवा राइटवर नेली की तो बदलतो किंवा थांबतो. स्ट्रोबचा (लखलखणाऱ्या दिव्याचा) आवाज तर लपतच नाही: कुईंऽऽ करत चढतो, फट् झाला की पडतो, पुन्हा चढतो, आणि त्याचा आरपीएमशी काही संबंध नसतो.

आमची शिट्टी आरपीएमबरोबर चढत होती आणि लोड वाढला की मोठी होत होती. जमिनीवर, इंजिन चालू असताना, मास्टर स्विचचा डावा अर्धा भाग (आल्टरनेटरचा) बंद केला की शिट्टी एकदम गायब. म्हणजे गुन्हेगार कोण ते ठरलं. पण तो कानापर्यंत येतो कुठल्या रस्त्याने?

रस्ता शोधायच्या तीन चाचण्या

रेडिओचा व्हॉल्यूम कमी-जास्त करा. शिट्टी त्याबरोबर बदलली तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतेय: अँटेनाकडून, किंवा रेडिओच्या पॉवरमधून. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहिली, तर ती नंतर शिरतेय: ऑडिओ पॅनेल, इंटरकॉम किंवा जॅकच्या वायरिंगमध्ये.

मग रेडिओच्या मागून अँटेनाची कोॲक्स (जाळीदार वेष्टनाची तार) काढा आणि स्क्वेल्च (नुसती खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडून ऐका. या वेळी चुकूनही ट्रान्समिट करू नका. आवाज थांबला तर तो हवेतून येत होता.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते. बॅटरीवर चालणारा हातातला रेडिओ घ्या, हेडसेट त्याला लावा आणि त्याच कॉकपिटमध्ये बसून ऐका. त्यात शिट्टी नसेल तर हवेला दोष देऊ नका, ती तारेतून येतेय.

आमच्याकडे व्हॉल्यूमचा काही परिणाम नव्हता, कोॲक्स काढून फरक नव्हता, आणि हातातला रेडिओ स्वच्छ होता. म्हणजे शॉपला पाठवलेला रेडिओ बिचारा निर्दोष. ही पंधरा मिनिटं पहिल्याच वेळी दिली असती तर त्याची ती वारी वाचली असती.

थ्रॉटलच्या केबलमधला करंट

इंजिन रबरच्या माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून जवळजवळ तुटलेलं असतं. आल्टरनेटरचा निगेटिव्ह त्याच्या बॉडीवर, बॉडी इंजिनावर. तिथून बॅटरीकडे परत जायला करंटला एकच सरळ वाट: इंजिन आणि एअरफ्रेम जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी, आपला बाँडिंग स्ट्रॅप. स्टार्टरचा करंटही तिथूनच जातो.

ती वाट अडली तर? करंट काही थांबत नाही, तो दुसरी वाट काढतो. थ्रॉटलची केबल, मिक्स्चरची केबल, कार्ब हीटची केबल; सगळ्यांची बाहेरची वेटोळ्याची नळी धातूची, एक टोक इंजिनाकडे आणि दुसरं थेट इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या पत्र्यात. त्याच पॅनेलमध्ये हेडसेटचे जॅक.

आम्ही डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला. साधा एसीवाला इथे चालत नाही, हॉल सेन्सरवाला लागतो. पॅनेलच्या मागे हात घालून तो थ्रॉटलच्या केबलभोवती लावला, तारा आणि केबल कुठे अडकत नाहीत ना ते दोनदा बघून. इंजिन १५०० आरपीएमवर, लँडिंग लाइट आणि पिटो हीट चालू. मीटरवर ३ अँपिअर! ज्या केबलमधून शून्य जायला हवा, तिच्यातून तीन. माझ्याबरोबरचा ट्रेनी म्हणाला, "सर, मीटर झीरो केला नव्हता का?" पुन्हा झीरो केला, पुन्हा लावला. तोच आकडा.

पुढची चाचणी इंजिनाकडची, आणि ती जपून करायची. मीटरचं एक टोक इंजिन केसला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला. लीड इंजिनाच्या मागच्या बाजूला क्लिप करून टायने बांधल्या, मीटर खिडकीतून आत घेतला. मिक्स्चर कट-ऑफ, म्हणजे इंधन बंद (किल्ली स्टार्टवर गेली की मॅग्नेटो ऑफ राहत नाहीत), प्रोपेलरपुढे कुणी नाही. तीन-चार सेकंद क्रँक, म्हणजे नुसतं स्टार्टरने इंजिन फिरवणं. मीटरवर ०.८ व्होल्ट. स्टार्टर १२० अँपिअर ओढतोय असं धरलं, तर वाटेतला रोध साडेसहा मिलिओहमच्या पुढे. एसी ४३.१३-१बी या अमेरिकन मार्गदर्शिकेत बाँडिंगच्या जोडाला ३ मिलिओहमची मर्यादा दिलेली आहे.

आणि हो, हे साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर कधीच दिसणार नाही. त्याच्या लीडचाच रोध ०.२ ओहम असतो, म्हणजे आपण शोधतोय त्याच्या कितीतरी पट. बझर वाजला म्हणजे ग्राउंड चांगला, हा आपल्या धंद्यातला सगळ्यात महागडा गैरसमज. एक तर चार लीडचा मिलिओहम मीटर वापरा, नाहीतर असा खरा करंट पाठवून व्होल्टेज ड्रॉप मोजा.

स्ट्रॅप वरून बघितला तर झकास. तार तुटलेली नाही, बोल्ट घट्ट. आमच्या हँगरमधले पत्र्याचं काम करणारे काका टॉर्च घेऊन वाकले आणि म्हणाले, "हे उघडा बघू." बोल्ट काढला, लग (स्ट्रॅपच्या टोकाची चकती) बाजूला केला. खाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूच्या ब्रॅकेटवर गुळगुळीत, चकचकीत करडा रंग. काका म्हणाले, "रंग लई सुंदर मारलाय. पण यातून वीज कशी जाणार?"

इंजिन ओव्हरहॉलला गेलं तेव्हा माउंट आणि ब्रॅकेट रंगवून आले होते. ज्यांनी रंगवलं त्यांनी मास्किंग केलं नाही, आणि बसवताना आम्ही घासलं नाही. इतके दिवस संपर्क होता तो बोल्टच्या आट्यांतून आणि वॉशरच्या कडेने ओरखडलेल्या रंगातून. वर्क कार्ड मागे जाऊन चाळली तेव्हा शिट्टी येण्याजाण्याचं कोडं सुटलं. रेडिओ शॉपला गेला तेव्हा विमान १०० तासांच्या तपासणीला होतं आणि हा बोल्ट आवळला गेला होता. आल्टरनेटर बदलला तेव्हाही कुणीतरी जाता जाता आवळला होता. दर वेळी नवा ओरखडा, नवा संपर्क, शिट्टी बंद. मग दमट हवेत तो ओरखडा काळवंडायचा आणि शिट्टी परत. आम्ही श्रेय देत होतो रेडिओला, मग आल्टरनेटरला.

दुरुस्ती साधी आहे, पण घाई करू नका. लगपेक्षा थोडा मोठा गोल उघड्या धातूपर्यंत घासला. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर वीज जाऊ देणारं केमिकल कोटिंग लगेच लावायचं, नाहीतर ऑक्साइडची झिल्ली पुन्हा चढते. ॲनोडाइज केलेला भाग वीज जाऊ देत नाही, तो दिसायला कितीही धातूसारखा असला तरी. लग कथिलाचा मुलामा असलेलाच हवा. उघडं तांबं ॲल्युमिनियमवर ठेवलं की ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळला आणि मग जोडाच्या बाहेरून प्रायमर मारला. क्रम हाच: आधी घासा, मग जोडा, मग झाका. पुन्हा क्रँक केलं, ०.२ व्होल्ट. थ्रॉटलच्या केबलमधला करंट शून्याजवळ.

तरी उजव्या सीटवर थोडी उरली

डाव्या सीटवर शांतता. उजव्या सीटवर, कान देऊन ऐकलं तर, अजून एक बारीक सुई. इथे बरेच जण "आता चालेल" म्हणून काउलिंग (इंजिनाचं झाकण) लावतात. आम्हीही लावणार होतो.

हेडसेटचे जॅक पॅनेलच्या पत्र्याला लागता कामा नयेत. जॅकची बाहेरची बॉडी म्हणजे ऑडिओचा लो (परतीची बाजू), आणि त्याने आपल्या तारेनेच ऑडिओ पॅनेलला परत जायचं असतं. म्हणून माइकच्या ५.२३ मिमीच्या आणि फोनच्या ६.३५ मिमीच्या, दोन्ही जॅकना खांदा असलेले नायलॉनचे किंवा फायबरचे वॉशर असतात. उजव्या फोन जॅकची चकती सोडली, जॅक भोकातून मागे ढकलला आणि हवेत लोंबता धरला. शिट्टी गेली. पत्र्याला टेकवला, आली. पुन्हा उचलला, गेली. ट्रेनीला हेडसेट देऊन हे चार वेळा करायला लावलं. हा धडा वर्गात फळ्यावर कळत नाही.

वॉशरचा खांदा चिरला होता. किंमत चहाच्या दोन कपांएवढी.

मीटरने तपासायचं असेल तर ऑडिओ पॅनेलचा कनेक्टर आधी काढा. तो लावलेला असताना जॅक आणि पत्रा यांच्यात कंटिन्युइटी दिसणारच, कारण लो शेवटी तिकडे ग्राउंडला जोडलेलाच असतो. कनेक्टर काढल्यावर मात्र ओपन दिसायला हवं.

थोडक्यात दोन दोष एकमेकांच्या आड उभे होते. स्ट्रॅपमुळे पॅनेलच्या पत्र्यावर रिपल आला आणि फुटक्या वॉशरमुळे तो ऑडिओत शिरला. एकच दुरुस्त करून थांबलो असतो तर दुसरा पुढच्या पावसाळ्यात भेटला असता.

शिल्ड एका टोकाला की दोन्ही?

यावर हँगरमध्ये होणारे वाद मी वीस वर्षं ऐकतोय, आणि दोन्ही बाजूंचे लोक अर्धे बरोबर असतात.

माइक आणि फोनच्या ऑडिओ तारांचं शिल्ड (तारेभोवतीची तांब्याची जाळी) एकाच टोकाला, ऑडिओ पॅनेलच्या बाजूला. जॅकच्या टोकाला ते कापून, हीट-श्रिंकने झाकून सोडून द्यायचं. दोन्ही टोकांना ग्राउंड केलं की दोन ग्राउंडमधला जो काही फरक असेल तो शिल्डमधून करंट पाठवतो, आणि हाच ग्राउंड लूप. शिल्डला ऑडिओची परतीची तार म्हणून वापरणं ही त्याहून वाईट खोड. लोसाठी आत वेगळी तार घ्या. आमच्या फुटक्या वॉशरने नेमकं हेच दुसरं टोक तयार केलं होतं.

फ्रिक्वेन्सी वर गेली की गणित उलटतं. कॉम रेडिओ ११८ मेगाहर्ट्झच्या वर काम करतो. तिथे सरळ तारेचा प्रत्येक सेंटीमीटर साधारण १० नॅनोहेन्री इंडक्टन्स देतो. शिल्डपासून ग्राउंडपर्यंत १० सेंटीमीटरची शेपटी सोडली की १२० मेगाहर्ट्झला ती ७५ ओहम झाली. डीसीला उत्तम ग्राउंड, रेडिओला मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणून अँटेनाची कोॲक्स दोन्ही टोकांना, कनेक्टरच्या पूर्ण घेराने ग्राउंड व्हायला हवी, आणि काचेच्या पॅनेलच्या (डिजिटल स्क्रीनच्या) डेटा तारांना मॅन्युअल दोन्ही टोकांचं शिल्ड सांगत असेल तर ते कनेक्टरच्या बॅकशेलवर (मागच्या धातूच्या कवचावर), शेपटी शक्य तितकी आखूड ठेवून. तिथे "मला ऑडिओत एकच टोक शिकवलंय" म्हणून दुसरं कापू नका. मॅन्युअलचं वायरिंग चित्र शेवटचा शब्द.

आणखी एक. तांब्याची जाळी कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. माइकची तार आल्टरनेटरच्या जाड तारेला चिकटून नेली असेल तर शिल्ड कितीही नीट जोडा, फार फरक पडणार नाही. तिथे जोडीला पीळ द्या आणि अंतर ठेवा.

बाकीचे पाहुणे

स्ट्रोबच्या तारेचं शिल्ड पॉवर सप्लायच्या टोकाला जोडतात, दिव्याच्या टोकाला नाही; पण तुमच्या सप्लायचं इन्स्टॉलेशन पत्रक बघून खात्री करा. उघडण्याआधी बंद करून निदान दहा मिनिटं थांबा. आत शेकडो व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि तो कुणाची ओळख ठेवत नाही.

मॅग्नेटोची टकटक असेल तर पी-लीडचं (किल्लीने मॅग्नेटो बंद करणाऱ्या तारेचं) शिल्ड बघा, विशेषतः मॅग्नेटोच्या टोकाला, जिथे उष्णता आणि कंपनाने ते तुटतं. इथे आवाजापेक्षा मोठी गोष्ट आहे: पी-लीड तुटली तर किल्ली ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने प्रोपेलर हलवला तरी इंजिन फायर होऊ शकतं. त्या तारेला हात लावल्यानंतर ग्राउंडिंग चेक केल्याशिवाय विमान सोडू नका. आणि चेक होईपर्यंत प्रोपेलरला जिवंत समजून वागा.

फक्त ट्रान्समिट करताना साइडटोन (हेडसेटमध्ये ऐकू येणारा आपलाच आवाज) किंचाळत असेल, किंवा इंधनाचा काटा उडी मारत असेल, तर अँटेनाचा पाया आणि कोॲक्सचे कनेक्टर तपासा. अँटेनाखालीही हाच रंग सापडतो, नाहीतर हिरवट बुरशी धरलेले स्क्रू.

अचानक एखाद्याच फ्रिक्वेन्सीवर स्क्वेल्च उघडतोय? विद्यार्थ्याने सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेला यूएसबी चार्जर आधी काढा. अर्धे वेळा काम तिथेच संपतं. कुठलीही तार, फिल्टर किंवा दिवा बदलायचा असेल तर मंजूर डेटा आणि नोंद, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही एक नवी सवय लावून घेतलीय. स्ट्रॅपचा क्रँकिंगचा ड्रॉप आता वर्क कार्डवर "ठीक" न लिहिता आकड्यात लिहितो. दुरुस्तीच्या दिवशी ०.२ होता. त्यानंतरच्या १०० तासांच्या तपासणीला, अख्खा पावसाळा उडून झाल्यावर, ०.२२. जुना फुटका वॉशर ट्रेनीने किल्ल्यांच्या जुडग्यात ओवून ठेवलाय.